मामा आणि 'तिसरी पाळी'

माझा मामा एकेकाळी हार्ड रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग मामाकडे, आणि मग हसतात. त्यांचंही चुकत नाही. मामा म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातला मशीन ऑपरेटर. शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावणारा, फोनवरसुद्धा नुसती मान डोलावून 'हो' म्हणणारा. पण काठ्या हातात आल्या की हाच माणूस ड्रमवर असा तुटून पडायचा की बघत राहावं. "लहानपणी आईने भांड्यांना हात लावू दिला नाही, त्याचं उट्टं काढतोय," असं माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणायची.

कारखान्यात दोन पाळ्या चालत, म्हणून बँडचं नाव 'तिसरी पाळी'. गायकाला सगळे 'घसा' म्हणत. त्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाची मान हातात धरून तो नवी गाणी ऐकवत असे. गिटारवर 'दाढी'. हा पेशाने वायरमन आणि स्वभावाने पुढारी. बेस गिटार वाजवणारा 'मौनी' शाळेत गणित शिकवायचा. बोलायची सगळी हौस बहुधा वर्गातच फिटत असावी.

सरावासाठी या चौघांना प्रत्येक गल्लीतून हाकलून दिलेलं. शेवटी मामानेच डोकं चालवलं. खोकी कापायच्या मशीनला लागून गोदाम होतं. तिथे मशीनच इतकं धडधडायचं की त्यात चार टाळकी कोकलली तर कुणाला कळणार? दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरबाईंनी परवानगी दिली आणि 'तिसरी पाळी' तिथे रुजू झाली. मशीनचा ठोका ऐकायचा आणि त्यावर वाजवायचं, अशी सगळ्यांना सवय जडली. हा सराव नसून शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवणं आहे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

स्टेजवर मशीन नसे. तिथे मामा घाईने सुरू करी आणि त्याहून घाईने संपवी. पण चौघंही एकदमच सुसाट सुटत, पब्लिकही त्यांच्याबरोबर नाचे, मग तक्रार करणार कोण? आधी कॉलेजं झाली, मग मैदानं भरू लागली. "आपल्या कारखान्यात तयार झालेली पोरं आहेत," असं सांगत लोक पाहुण्यांना घेऊन येत. शाळेत माझा भाव तर असा वधारला की मी डबासुद्धा एकटीने खाल्ला नाही.

मग एका कंपनीने अल्बमसाठी बोलावलं. जाड गादीच्या भिंती, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला, आणि नियम असा की प्रत्येकाने एकेकट्याने वाजवायचं, कानात ठोक्याची टकटक लावून. मामा आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या शांततेत वाजवायला बसला. टकटक एकीकडे आणि मामा भलतीकडे. "दादा, पुन्हा एकदा," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. दुपारपर्यंत त्यातलं 'दादा' गळालं. अखेर भाड्याचा ड्रमर बोलावला गेला आणि मामा बाहेरच्या बाकावर चहाचा कप धरून बसून राहिला. अल्बमच्या कव्हरवर फोटो मामाचा, आत हात दुसऱ्याचे.

अल्बम आपटला असता तर बरं झालं असतं. तो गाजला. आता लोकांना स्टेजवरही तसंच्या तसं हवं होतं. दाढीने मामाच्या कानात स्टेजवरही ती टकटक घातली. "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय," हे वर. मामा परीक्षेला बसल्यासारखा वाजवू लागला. चूक एक नाही, आणि जीवही नाही. घसा एकटा किती ओरडणार? गर्दी ओसरत गेली. शेवटी दाढी आणि मामाचं भांडण झालं. म्हणजे दाढी भांडला आणि मामाने मान डोलावली. दाढी दुसऱ्या शहरात निघून गेला, घसा कात्रीकडे परतला, बँड बुडाला.

"माझ्यामुळे बुडाला," मामा एकदाच म्हणाला आणि ड्रम आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवले. आईने त्यांवर गाद्या रचल्या. त्यानंतर मामाने टेबलावर बोटसुद्धा वाजवलं नाही. जेवताना चमचा ताटाला लागला तरी दचकून बघायचा. मला त्या अल्बमचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

अशी बरीच वर्षं गेली. मग सुपरवायझरबाई निवृत्त व्हायच्या झाल्या. मामा आमच्याकडे आलेला असताना त्या स्वतः घरी आल्या आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "निरोपाला मला भाषणं नकोत. तुम्ही वाजवा."

मामा पुटपुटला, "बाई, मला ताल धरता येत नाही."

"गोदाम दिलं तेव्हा मी विचारलं होतं का, ताल येतो की नाही?"

तेवढ्यात आई मागच्या खोलीत गाद्या उतरवायलाही लागली होती. "ताई, अगं थांब जरा," मामा धावला. "तू गप्प बस आणि हात लाव," आई म्हणाली. दाढीला फोन मी केला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आला. दाढी पांढरी, पोट पुढे. कारखान्याच्या कँटीनमध्ये दुपारी सगळे जमले होते, घसा आणि मौनीही. मामाने दाढीकडे न बघता सुरुवात केली. पहिलं कडवं गेलं, दुसरं सुरू झालं, मामाचे खांदे सैल पडत चालले, आणि गाणं रंगात असताना तो एकदम थांबला. काठ्या मांडीवर ठेवून खाली मान घालून बसला. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दाढी त्याच्याजवळ गेला. "काय रे, थांबलास का?"

"तालाच्या पुढे गेलो होतो," मामा म्हणाला.

"माहितीये. आम्ही कुठे होतो मग? तुझ्याबरोबरच होतो की!"

मामाने वर पाहिलं. दाढीच्या मागून मौनीने मान डोलावली. घसा माइकवरच म्हणाला, "चल रे, लोक उभे आहेत."

मामाने शर्टाचं वरचं बटण काढलं, काठ्या उचलल्या, आणि आधीपेक्षाही घाईने एक-दोन-तीन-चार मोजले.