चार वाजायच्या आधी चारची नोंद

कापगते मिस्त्री नसते तर बॉयलरवरचं माझं काम पहिल्याच वर्षी संपलं असतं, हे आधी सांगतो.

सत्तरच्या दशकाची अखेर. करडी गावाजवळची राइस मिल. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान वाफवायचं, ती वाफ आमच्या बॉयलरची. केलेलं काम दर दोन तासांनी लॉगबुकात इंग्रजीत लिहायचं, आणि तिथं माझं पेन अडायचं. मिस्त्रींना जेवढं इंग्रजी येत होतं, तेवढं सगळं त्यांनी मला देऊन टाकलं.

"घाबरतं कायले? काम झालं का 'हॅज बीन' लावाचं. हॅज बीन चेक्ड. हॅज बीन क्लीन्ड. कोणं केलं ते इंग्रज इचारत नाही."

तरी चार ओळींना मला अर्धा तास लागे. म्हणून मी सकाळी चहा झाला की दिवसभराच्या नोंदी एकदम लिहून टाकू लागलो. अक्षरही छान यायचं. खाली मिस्त्री विश्वासानं सही करायचे.

एक दिवस अकराच्या सुमारास शेठजी बॉयलर इन्स्पेक्टरना घेऊन आले. सेकंड क्लास अटेंडंटच्या परीक्षेचा माझा अर्ज तयार होता, त्यावर साहेबांचा शेरा हवा होता. तो नाही मिळाला तर माघारी गावी. साहेबांनी लॉगबुक वाचलं, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"चार वाजता गेज ग्लास हॅज बीन ब्लोन, फाउंड क्लिअर. वाजले चार?"

गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी. कॉक उघडून ती वाफेनं फुंकत राहावी लागते. नाहीतर गाळ बसतो आणि खोटं पाणी दिसतं. आत पाणी खरंच कमी असेल तर बॉयलर फुटू शकतो.

"काहून गा कोल्हापूर, उद्याचंबी लिवून ठेवलं का?" मिस्त्री म्हणाले. मग हळूच, "जा. आता फुंक. साहेबाईच्या समोर."

कॉक उघडला, बंद केला. पाणी उसळून वर यायला हवं होतं. ते मुंगीच्या पावलानं चढलं. मिस्त्रींनी लगेच भट्टीतला विस्तव बाहेर ओढायला लावला. गाळ काढल्यावर खरं पाणी दिसलं. आधी अर्धी नळी भरलेली दिसत होती, आता तळाशी दोन बोटं.

शेठजी म्हणाले, "याला आजच्याच गाडीत बसवा."

"मंग मलेबी बसवा," मिस्त्री म्हणाले. "यानं न पाहता लिवलं, मी न पाहता सही केली."

साहेब हसले. अर्ज मात्र परत दिला. "पुढच्या वर्षी आण." मिस्त्रींना सोडायला शेठजी तयार नव्हते, म्हणून मीही राहिलो.

ते वर्षभर मिस्त्री पेन देण्याआधी माझे तळवे बघायचे. काजळी दिसली तरच पेन मिळे. पुढच्या वर्षी शेरा मिळाला. आता दुसऱ्या मिलमध्ये माझ्या हाताखाली दोघं आहेत, मी त्यांचे तळवे बघतो. आधी काम, मग नोंद. धडा एवढाच.

मिस्त्री अड्याळला लेकीकडे असतात. त्यांचं ऋण एक दिवस नक्की फेडीन. फेडलं असं मात्र आताच लिहून ठेवत नाही.