बहिणीचा उमेदवार

इथे आखातात, अल बर्शा भागातल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या अमेरिकन बाईचे माझ्यावर उपकार आहेत. राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणाला उभं करायचं, यावरून तिच्या पक्षात दोन तट पडले होते. हातातला रबरी चेंडू दाबत ती फोनवर बहिणीला म्हणायची, "तुझा उमेदवार थापाड्या आहे!" आणि त्याच दमात, "गुडघा कसा आहे?"

"राग येत नाही?" मी एकदा विचारलं.

"येतो ना! म्हणून तर रोज फोन करते. एक दिवस चुकला, तर पुन्हा लावायची हिंमत होणार नाही."

आपल्याकडच्या निवडणुकीवरून भांडून मी दादाला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं होतं. आईला सांगितलं, तो स्वतःच गेला. त्याला तीन वर्षं झाली.

त्या दिवशी पार्किंगमधूनच दादाला फोन लावला आणि हे खोटं कबूल केलं.

"ठाऊक आहे रे," दादा म्हणाला. "आईने मला विचारलं, तेव्हा मीही म्हणालो, हो, मीच गेलो."