जितके माणसं, तितक्या पत्रावळी

तवा त्या ओसरीवर आम्ही पाच जण होतो. एक माहा बाप, जो मले पोचवाले आल्ता. दुसरा माहा नवरा. त्याचं नाव आता घेतलं तरी कोण टोकते, बाजीराव. तिसरी त्याची माय सखूबाई, पांढऱ्या कपाळाची, भिताडाकडे तोंड करून बसलेली. चौथी मी, गिरजा, हळदीच्या लुगड्यात. अन् पाचवी मोठीबाई. भागरता तिचं नाव. माह्या नवऱ्याची पहिली बायको. तिच्या पोटी लेकरू नव्हतं, म्हणून मले आणलं होतं. पाचातली मी एकलीच उरली, म्हणून मीच सांगून राह्यली.

इंग्रज जाऊन काई वर्सं झाल्ती. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढं, रानाले लागून. सवतीच्या घरी चालली म्हणून मायनं निंघताना कानात सांगतलं होतं, "तिच्या हातचं खाशीन तर अगुदर कुत्र्याले टाकजो." मी तेच ध्यानात धरून बसली होती.

सांज झाली. आमच्याकडे रीत अशी, का पहिले माणसं जेवतात, मंग म्हाताऱ्या, अन् मांगून उरलंसुरलं सुना खातात. मोठीबाईनं सारवलेल्या ओसरीवर पळसाच्या पाच पत्रावळ्या एका ओळीनं मांडल्या. माहा बाप उठूनच उभा राह्यला.

"हे काय बाई? पोरगी बापाच्या पंगतीत?"

"बसा भाऊ," मोठीबाई म्हणे. "मांगून जेवते तिच्या वाट्याले भांडं येते, भात नाई येत."

सासू भिताडाशीच बोलली, "लाज इकून खाल्ली हिनं. लोक हासतात आमच्या घराले."

"हासू द्या ना. हासणं फुकट आहे, सून उपाशी राहून पडली तर दवाई फुकट नाई."

माहा नवरा खाली मान घालून भात कालवत होता. त्याले सवय होती. मी आंगणातल्या कुत्र्याकडे पाह्यलं. मोठीबाईच्या ते ध्यानात आलं. तिनं माह्या पत्रावळीतला एक घास उचलला, आपल्या तोंडात टाकला अन् म्हणे, "खा आता. कुत्र्याले मी वेगळं देतो."

चार पत्रावळ्या खाली झाल्या. पाचवी सासूची. ती रांडपणापासून एकच टाइम जेवे, सकाळी. तिची पत्रावळ कोरी राह्यली, तिचा भात चुलीवरच्या गंजात वापस गेला. दुसऱ्या दिवशी सांजी मोठीबाईनं तिच्यापुढं पुन्हा पत्रावळ मांडली. ती पुन्हा वापस गेली. रोजचंच होतं ते. माहा बाप सकाळी निंघताना म्हणे, "गिरजा, सवत कशी आहे ते देवाले ठाऊक. पण इथी तू उपाशी नाई मरत."

मोठीबाई हाडकुळी होती, काळी, अन् बोलाले कमी. गोड तर कवाच बोलली नाई. दुपारी सावलीत बसे अन् बांबूच्या काड्यानं पत्रावळ्या लावे. घरात जितके माणसं तितक्याच. पाहुणा आला तर एक जास्त. पानं रानातले, काड्या रानातल्या, घासाले राख नाई का पाणी नाई, अन् उष्ट्या पत्रावळ्या खताच्या खड्ड्यात. तिच्या घरी काई फेकल्या जात नव्हतं. भाताची पेज काढली का मीठ टाकून सकाळी आम्ही पेत होतो. पण लाखोळीची डाळ उकळली का तिचं पाणी ती दूर नेऊन फेके. ती डाळ आमच्याकडे गरिबाची. उन्हाळ्यात तिच्यावरच राहून लोकाचे पाय वाळत, काठी घेऊन चालत. ती मले शिकवे, "भाताचं पाणी ठेवावं, लाखोळीचं फेकावं. पायच गेले तर डाळ आणाले कोण जाईन?"

सिंदेवाहीले धान सडाची मशीन आल्ती. सासूले वाटे, आपल्या घरीबी पांढरा भात व्हावा, चार लोकात मान राहते. मोठीबाई उखळातच सडे, अन् लाल राह्यला तरी तसाच शिजवे. म्हणे, "बैल कोंडा खाऊन नांगर ओढते, अन् माणसं पांढरा भात खाऊन खाटीवर पडतात."

एक दिवस पत्रावळ्या लावता लावता मी तिले इचारलं, "बाई, तुमाले हे सोबत जेवाचं खूळ कोणं शिकवलं?"

तिनं हातातलं पान पुरं लावलं. मंग म्हणे, "मायनं. माह्या बापाच्या घरी खाणारे लय. माय साऱ्याले वाढे अन् गंज खरवडून खाये. भाजी तर तिच्यापर्यंत पोचेच ना. मंग तिले सांजचं दिसेनासं झालं. दिवा लागाच्या टायमाले भिताडाले हात लावत चाले. आमाले वाटे, माय गंमत करते. आम्ही लेकरं तिच्यापुढं पाटा ठेवून हासत होतो. अशाच एका सांजी विहिरीवर गेली पाण्याले, ती वापस नाई आली."

तिनं काडी दातानं तोडली अन् दुसरं पान घेतलं.

त्या वर्षी माहा नवरा बंडी घेऊन जंगलात लाकडं वाहाले गेला. कुपाची लाकूडतोड संपली तवा लोकायनं त्याले त्याच्याच बंडीत निजवून आणलं. हिवताप डोक्यात गेल्ता. आम्ही तिघीनं त्याले पाहून घेतलं, पण पाणी पडाच्या अगुदर तो गेला. मी पोटुशी होती. त्याच्या दुखण्यापायी घरात कोणालेच जेवाची सुद नव्हती. जे हाती आलं ते खाल्लं, नाई तर नाई.

तेरवीपर्यंत भावकी घरात होती. बाया मले अन् मोठीबाईले बसवून सांगत, "आता एकडावच जेवाचं. अन् गिरजा, तू तर पोटुशी. जास्त खाशीन तर लेकरू मोठं होईन, अडशीन." मी मान हालवे. मोठीबाईचंबी तोंड त्या दिवसात शिवलं होतं. दुपारी सावलीत बसली नाई, पानं तशीच वाळून गेली. मले वाटलं, हीबी हारली.

भावकी गेली. त्यानंतर एका सांजी मी आंगणातून घरात येत होती अन् उंबऱ्यापाशी ठेवलेल्या घागरीवर जाऊन आदळली. घागर फुटली.

सासू वरडली, "डोळे फुटले का वं?"

मी म्हणलं, "दिसली नाई."

"एवढी मोठी घागर?"

"सांजचं नाई दिसत मले. यांच्या दुखण्यापासून."

मोठीबाई चुलीपाशी होती. ती उठली, माह्याजवळ आली, अन् माह्या डोळ्यापुढून हात फिरवला. मले हात नाई दिसला, फक्त तिच्या बांगड्या फोडलेल्या मनगटाचा वास आला, राखेचा. मंग ती आंधारातच आंगणात गेली. मुनग्याचं, तुमच्याकडच्या शेवग्याचं, झाड ओरबाडल्याचा आवाज आला. पाला घेऊन आली, निवडला, शिजवला. खापराच्या गाडग्यातून सुकवलेले झिंगे काढले, ते त्यात टाकले. दुखण्याच्या दिवसातल्या कोऱ्या पत्रावळ्या शिल्लक होत्या, त्यातल्या तीन मांडल्या.

सासूनं माही पत्रावळ ओढून घेतली. "हे घर बुडवाले बसली का तू? कपाळ पांढरं झालं, आता एकडाव जेवाचं. मी नाई राह्यली का?"

"तुमी राह्यल्या आत्या. हिच्या पोटातलं नाई राहणार."

"आमच्या घरी असं नाई होत."

"बरं," मोठीबाई म्हणे. तिनं माह्या पत्रावळीतला भात गंजात वापस टाकला. आपला टाकला. भाजी टाकली. गंजावर झाकण ठेवलं अन् चुलीत पाणी ओतलं. "मंग कोणीच नाई. आजबी नाई, सकाळीबी नाई. जवा जेवू तवा तिघी जेवू."

आम्ही तिघी बसून राह्यलो. भाजीचा वास घरभर होता. मले भूक इतकी, का पोटातलं लेकरू लाता मारत होतं. मी रडली नाई. रडून काय होते? सासू आंगठ्यानं जमीन उकरत होती. मधात म्हणे, "नाटकी." जराशानं सासू म्हणे, "भात निवून राह्यला." मोठीबाई म्हणे, "निवू द्या."

शेवटी सासूच उठली. दणदण करत गंज घेतला अन् तीन पत्रावळ्यावर भात आपटला. "घ्या वं रांडानो, गिळा! माह्या लेकाची निशाणी मारून माह्याच डोक्यावर खापर फोडतान."

मोठीबाईनं हात नाई लावला. "आत्या, तिसरी पत्रावळ तुमची आहे."

सासू उभी होती. मले तिचं तोंड दिसत नव्हतं, सांज होती ना. फक्त तिच्या बसण्याचा आवाज आला. मंग भात कालवल्याचा. लय हळू जेवली म्हातारी. जेवता जेवता एकदाच म्हणे, "मीठ कमी पडलं." इतक्या वर्सानं ती सांजी जेवली, अन् तेवढंच बोलली.

त्या दिवसापासून कोणाचीच पत्रावळ वापस गेली नाई. मुनगा, तरोटा, रानात जो पाला भेटला तो आम्ही खाल्ला, अन् पहिले माह्या पत्रावळीत पडे. पाण्याले नवऱ्याचं जुनं धोतर चारपदरी करून माठावर बांधलं, तवा सासूनं हंबरडा फोडला. मोठीबाई म्हणे, "जितेपणी कवा घागर नाई उचलली त्यानं, आता पाणी तरी गाळू द्या." सासू रडता रडता हासली. हळूहळू मले सांजचं दिसू लागलं. पहिल्या दिवशी दिसलं ते मोठीबाईचं तोंड, चुलीच्या उजेडात. धान कापाच्या अगुदर पोरगी झाली, चांगली ठणठणीत. अडली नाई. मोठीबाईनं तिले धुतली अन् त्या दुपारी चार पत्रावळ्या लावल्या. मी म्हणलं, "हिले दात तरी येऊ द्या." म्हणे, "जागा तर धरून ठेवू."

मंग सासू गेली. पोरगी मोठी झाली, लग्न होऊन चांद्याले गेली. आम्ही दोघी सवती राह्यलो, दोन पत्रावळ्या, एकमेकीच्या तोंडाकडे पाहत. लय वर्सं. बोलाले काई उरलं नव्हतं, पण एक दुसरीबिगर बसत नव्हती. मी बाजाराहून उशिरा आली तर ती तशीच भात झाकून बसलेली असे.

शेवटच्या दुखण्यात तिच्या घशाखाली काई उतरत नव्हतं. तरी सांजी खाटेजवळ दोन पत्रावळ्या मांडाले लावे. म्हणे, "तू जेव. मी पाहतो." मी जेवत होती, ती पाहत होती.

ती गेली त्या दिवशी घर माणसायनं भरलं. आमच्या घरी चूल पेटली नव्हती, शेजाऱ्यायनं भात-पिठलं आणलं. मातीहून आलेले माणसं जेवले, मंग पाहुणे, मंग म्हाताऱ्या. पोरगी वाढून राह्यली होती, तिनं कोणाकोणाचं पाहावं? मी चुलीपाशी बसली होती. साऱ्याले वाटलं, बुढी मांगून जेवीन. वाईट कोणीच नव्हतं. मले कोणं आवाज नाई देला, एवढंच. सारे निजले तवा मी गंज ओढला. खाली खरवड होती, ती खाल्ली. मोठीबाई खरंच गेली, हे मले तवा समजलं.

आता मी एकलीच राहतो. दुपारी सावलीत बसून एक पत्रावळ लावतो. एका पत्रावळीले काई वेळ लागत नाई.

हे वाचणाऱ्याले माहं एकच मागणं आहे. आज सांजी जेवाले बसान तवा तुमच्या घरी चुलीपाशी कोण उरली ते पाहा, अन् हातातला घास खाली ठेवून तिले आवाज द्या.