आतेसासूबाई मरायला तयार नव्हत्या

सांगूनसवरूनही मरायला तयार न होणारं एकच माणूस मी आजवर पाहिलं, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची आत्या. अहेरीला फॉरेस्ट ऑफिसात कारकुनी करता करता मी हट्टी माणसं काही कमी पाहिली नाहीत. पण साहेबापुढे, पोलिसापुढे किंवा निदान बायकोपुढे तरी ती शेवटी नमली. आतेसासूबाई कोणापुढेच नमल्या नाहीत. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच रविवारी आमच्या चर्चच्या रेडिओ नाटकात आजी झाल्या. पाळकसाहेबांच्या डोक्यातून निघालेलं हे नाटक एका साध्या घराचं होतं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आजी. दर भागात घरात काहीतरी बिनसायचं आणि शेवटी देवाच्या वचनानं सावरायचं. एका लहान रेडिओ केंद्रावरून रविवारी सकाळी अर्धा तास ते लागायचं. संवाद मी लिहायचो. चर्चमागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टांगून पाळकसाहेब रेकॉर्डिंग करायचे. आणि आतेसासूबाई आम्हा दोघांनाही सुधारायच्या.

लिहिलेलं वाक्य लिहिलं तसं म्हणणं हे त्यांना कमीपणाचं वाटे. मी मोठ्या मेहनतीनं लिहावं, "प्रिय बाळा, क्षमा केल्यानेच अंतःकरण हलके होते," आणि त्यांनी माइकसमोर म्हणावं, "अबे, सोड ना आता! किती दिवस तोंड फुगवून राह्यतं?" पाळकसाहेब हळूच म्हणायचे, "बाई, क्षमा हा शब्द आला असता तर बरं झालं असतं." त्यावर उत्तर ठरलेलं असे. "शब्द नाई आला, साहेब, पन क्षमा आली ना?" ट्रकचं तर विचारूच नका. बांबूचा ट्रक खोलीमागून घरघरत गेला की आम्ही कपाळाला हात लावून थांबायचो, पण त्या थांबत नसत. "पाहा व सूनबाई, ट्रक आला वाटते," म्हणून त्या ट्रकालाही गोष्टीत घ्यायच्या. त्यामुळे आमचं ते सद्गुणी कुटुंब बांबूच्या डेपोच्या फाटकातच राहतं, असा ऐकणाऱ्यांचा समज झाला होता.

जेवणाचा प्रसंग असला की त्या घरून डबा आणायच्या. "देवाच्या कार्यक्रमात खोटं काऊन जेवाचं?" असं त्यांचं म्हणणं. मग मुलगा तोंडात वांग्याची भाजी घेऊन पश्चात्ताप करायचा आणि सून भाकरीचा घास गिळेपर्यंत सासूला उत्तर देऊ शकायची नाही. प्रार्थनेचंही तसंच. मी दोन ओळींची प्रार्थना लिहायचो. त्या डोळे मिटायच्या आणि आमच्या आळीतल्या खऱ्याखुऱ्या माणसांसाठी, त्यांच्या दुखण्यांसह, देवाला साकडं घालायच्या. एकदा ती प्रार्थना कापायची राहून गेली, आणि बस स्टँडजवळच्या शिंपीदादांची मूळव्याध रविवारी सकाळी साऱ्या मुलखात पोचली. शिंपीदादा बरेच दिवस आमच्याशी बोलले नाहीत. "पन बरे झाले ना?" एवढंच आतेसासूबाई म्हणाल्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना पाळकसाहेबांनी ठरवलं की मरण आणि सार्वकालिक जीवन यावर दोन भाग व्हायला हवेत. मरण्याजोगं नाटकात आजीशिवाय कोणी नव्हतं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या भागात आजी खोकते, दुसऱ्या भागात देवाघरी जाते. आतेसासूबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू, तुमी मले मारून राह्यले?"

"मी नाही, आत्याबाई. समितीनं ठरवलं."

"समितीत तुमीच दोघं तं आहा."

पहिला भाग झाला. आतेसासूबाई खोकल्या मात्र अशा, की सुनेचं काम करणाऱ्या शाळेतल्या बाई खरोखरच पाणी आणायला धावल्या. हा भाग प्रसारितही झाला. अडलं ते दुसऱ्या भागात. मुलानं हात धरला, सुनेनं वचन वाचलं, आजीनं "येते रे बाबू" म्हटलं, आणि पाळकसाहेब पेटीवर गीत सुरू करणार, तोच मेलेली आजी म्हणाली, "आंगनातले तांदूळ आत घ्या व, कोंबड्या खाऊन राह्यल्या." पुन्हा घेतलं. या वेळी त्यांनी मेल्यावर पाणी मागितलं. तिसऱ्यांदा तर पाळकसाहेबांची पेटीच बेसूर लागली म्हणून त्या मरणातून उठून बसल्या. पाळकसाहेब कधी चिडत नसत, त्या दिवशी चिडले. "बाई, प्रभूकडे जाण्याची आशा लोकांना द्यायची आहे. तुम्हालाच जायचं नसेल तर लोकांनी काय समजायचं?" बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं ठरलं, आणि जमलं नाही तर आजीसाठी दुसरं कोणी पाहायचं, असंही पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. समजूत घालायला गेलो होतो, पण विषय काढायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात आतल्या जंगलातल्या एका गावची म्हातारी फाटकाशी आली. चर्चमध्ये विचारत विचारत ती इथवर पोचली होती. "ते रेडिओत खोकनारी बाई इथीच राह्यते का?" तिनं विचारलं. आतेसासूबाई "या, बसा" एवढंच म्हणाल्या, आणि आवाज ऐकून म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं पदराच्या गाठीतून सागाच्या पानात बांधलेली कसलीशी साल काढली. उकळून प्यायची, म्हणाली. तिनं आपल्या देवाला सांगितलं होतं, आता बाईनं आपल्या देवाला सांगावं.

मी काही बोलायच्या आत आतेसासूबाईच म्हणाल्या, "बाई, मी खोटं खोकली. नाटक होते ते. मले काईच झालं नाई."

म्हातारीनं जरा विचार केला. "मंग ठेव," ती म्हणाली. "कवातरी खरं खोकशीन."

मग पाणी पिता पिता तिनं सांगितलं. घरात सुनेशी बोलणं बंद आहे. चूल वेगळी, वाटा वेगळ्या. पण रविवारी ही आजी बोलायला लागली की सून आपल्या मोबाइलवर रेडिओ लावून म्हातारीच्या दाराशी येऊन बसते. दोघी ऐकतात. एकमेकींशी बोलत नाहीत, पण आजी सुनेला काही म्हणाली की दोघी एकदमच हसतात. "तू गेली तं ते माह्या दारात येनार नाई," म्हातारी म्हणाली. आतेसासूबाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मीच पाळकसाहेबांना सांगितलं. ते पेटीचा भाता उगाच दाबत राहिले. मग म्हणाले, "आजीला बरं करा." आशेचा धडा त्यांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून दिला, आणि तो चांगला झाला.

आजी त्यानंतर पुष्कळ बोलली. मग आतेसासूबाईंचे गुडघे गेले आणि भद्रावतीच्या फॅक्टरीत असलेल्या मुलानं त्यांना तिकडे कॉलनीत नेलं. जाताना मरणाचा भाग उरकून घ्यावा, असं पाळकसाहेबही म्हणाले नाहीत. नाटकात आजी बहिणीकडे गावाला गेली आहे, असं मी लिहिलं. दर भाग त्यांना मोबाइलवर पाठवतो, आणि तो ऐकून झाला की त्यांचा फोन येतो. "सुनेचा आवाज बारीक झाला, जवाईबापू. काई खाते का नाई ते?"

परवा म्हणाल्या, "आता आना ना मले गावावरून. लय दिवस झाले."

"या की," मी म्हटलं. "माइक तिथंच आहे."

तिकडे कोणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. मग म्हणाल्या, "पाय नाई म्हन्ते, बाबू."

त्या आठवड्याच्या भागात मी आजीचा फोन येतो असं लिहिलं. पलीकडून ती काय बोलते ते लिहायला बसलो होतो, पण जमलं नाही. मग तेवढी जागा रिकामीच सोडली, आणि सून होणाऱ्या शाळेतल्या बाईंनी फोन कानाशी धरून ती भरून काढली. "हो आई. हो आई. जेवलो आई."