वाटीतली निळी शाई

पेनाचं टोपण उघडलं की शाईचा उग्र वास येतो आणि मला परभणीच्या बसस्टँडजवळचं ते पेनदुरुस्तीचं दुकान आठवतं. वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा शाईचा पेन ट्रंकेत पडून पार सुकला होता, तो घेऊन मी तिथं गेलो. चष्मा कपाळावर चढवलेल्या कारागिरानं पेन खोलला आणि निब स्टीलच्या वाटीत, कोमट पाण्यात सोडली. जरा वेळानं तिच्यातून निळी रेघ सुटली, धुरासारखी पसरली आणि बघता बघता सगळी वाटी निळी झाली. त्यानं ती माझ्यापुढं सरकवली. "वडलांनीच भरलेली शाई हाय ना भाऊ? गेलेल्या माणसाची शाई मी सांडत न्हाई. घरच्यांनीच सांडायची." बाहेर माझी पालमची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी वाटी उचलली आणि दारातल्या नालीत उपडी केली. तो नालीकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "लय घाई केली तुमी. लोक आधी त्यात निब बुडवून गेलेल्या माणसाचं नाव तरी लिहून घेतात." पेन आजही झकास चालतो. धुवायला मी त्याच्याकडंच नेतो. निळी शाई मी कधीच भरली नाही, त्यामुळं वाटीतलं पाणी काळंच होतं. तो वाटी माझ्यापुढं ठेवतो, आम्ही दोघंही तिच्यात बघत बसतो, आणि ती सांडायला माझा हात काही उचलत नाही.