कारणाचा रकाना

देवस्थळी काका पाण्याची चव घेत नसत, पाण्यात मीटर बुडवत. पहिल्यांदा ते आमच्याकडे आले ते काकूंनी दिलेल्या चकल्यांचा डबा घेऊन. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर त्यांनी शर्टाच्या खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, टोपण काढून ते ग्लासात धरलं, आकडा वाचला आणि म्हणाले, "क्षार जास्त आहेत. माणसाला चालेल, झाडाला नाही." मग ग्लास एका दमात रिकामा केला. झालं, मी मनात म्हटलं, हा शेजार आता आपल्याला चांगलाच पुरून उरणार.

फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसची एक भिंत त्यांची आणि माझी सामाईक होती. त्यांचा मुलगा अभिजित कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सकाळी फ्रीवेला लागायचा तो संध्याकाळीच उगवायचा. आईवडिलांना त्याने ग्रीनकार्डावर बोलावून घेतलं होतं. काका एका खताच्या कारखान्यात चौतीस वर्षं केमिस्ट होते. युरिया, पोटॅश, फॉस्फेट हे शब्द ते असे उच्चारायचे की वाटावं, सख्ख्या भाचरांची नावं घेतायत. "ऑरगॅनिक" हा शब्द मात्र त्यांना मिरचीसारखा झोंबायचा. आमच्या भागात पालकाच्या जुडीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळंच ऑरगॅनिक. काका दुकानात ते लेबल वाचून मोठ्याने म्हणायचे, "नायट्रेटला जातपात नसते हो!" आजूबाजूचे लोक वळून बघत. काकू त्यांचा शर्ट मागून ओढत.

आणि त्यांची वही. निळ्या पुठ्ठ्याची, पट्टीने आखलेली, चार रकाने: तारीख, काय दिलं, किती, निरीक्षण. निरीक्षणात काही बिघाड लिहिला तर त्याखाली लाल शाईने "कारण:" हे लिहायचंच. काका म्हणायचे, "कारण लिहिलं नाही तर ओळ अपुरी राहते, मेघना. अपुरी ओळ म्हणजे केमिस्टने केलेली चोरी." मी ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका पकडण्याचं काम करते, त्यामुळे हे मला फार पटायचं. आता पटत नाही.

दुसऱ्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि पोटात अन्न ठरेना. घोटभर ताक घेतलं तरी पाच मिनिटांत बाहेर. आमच्या ओळखीच्या बायका डबे आणून ठेवायच्या, हळदीचं पाणी सुचवायच्या आणि आपल्या घरी जाऊन पोटभर जेवायच्या. मीही त्यांतलीच. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅनाबिस घेऊन बघा. दुकानातली गोळी आणली, तर अर्ध्या गोळीनेच काकू दिवसभर भिंत धरून बसल्या. काका म्हणाले, "दुकानातलं नको. मी लावतो. मोजून देतो."

कॅलिफोर्नियात घरात चार झाडं लावायला कायद्याची आडकाठी नाही. पण वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा वेगळा, आणि आपण परक्या पासपोर्टावरची माणसं. अभिजित घाबरला. "पप्पा, सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला विचारतात. मला यातलं काही सांगू नका." त्यानंतर त्याने पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलंच नाही. आई आतल्या बाजूला ओकतेय आणि मुलगा दाराबाहेरून विचारतोय, "आई, यू ओके?" मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

त्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात काकांनी शेत केलं. अडीच फूट रुंद, दोन फूट खोल. हँगरची दांडी काढून तिथे दिवा टांगला, खाली तीन कुंड्या, बाजूला छोटा पंखा. दोन बाटल्यांतली क्षारांची द्रावणं पाण्यात मिसळायची, मीटर बुडवायचा, थेंब थेंब वाढवायचे, वहीत लिहायचं. काका "कॅनाबिस" म्हणत. काकू म्हणाल्या, "गांजा म्हणा की सरळ. पिकवायला लाज वाटत नाही, म्हणायला कसली वाटते?"

आणि मग एका सकाळी, माझ्यासमोरच, काकूंनी तो विषय काढला. "अहो, यात बाटलीतलं घालू नका. शेणखत घाला, गांडूळखत घाला, काहीही घाला. बाटली नको."

"अगं, मुळाला आयन कळतो. तो शेणातून आला की बाटलीतून, हे त्याला कोण सांगणार?"

"झाडाला नाही सांगत मी. तुम्हाला सांगतेय. दर तीन आठवड्यांनी माझ्या अंगात बाटली उलटी टांगून ओततायत. एक झाड तरी बाटलीशिवाय वाढू दे ना माझ्यासाठी."

काका विज्ञान सांगत बसले. कुंडी केवढीशी, त्यात खत सावकाश कुजणार, बंद कपाटात वास कोंडणार, चिलटं होणार, झाडाला आज काय मिळालं आणि उद्या काय मिळेल याचा पत्ता लागणार नाही. एकही मुद्दा खोटा नव्हता. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी काका माझ्या दारात उभे. एका हातात गांडूळखताची पिशवी, दुसऱ्यात त्या दोन बाटल्या. "ह्या तुझ्या गॅरेजमध्ये ठेव," म्हणाले. "खत वर पसरतो, तिला दिसेल असं. द्यायचं ते मी देत राहीन."

"काका, म्हणजे खोटं सांगणार?"

"सेंद्रियावर नेलं तर महिनाभर जास्त लागेल, आणि हाती किती येईल त्याचा भरवसा नाही. तिच्याजवळ तेवढा महिना आहे का? आहे का, सांग!"

मी बाटल्या ठेवून घेतल्या. रोज सकाळी काका चालायला जातो म्हणून माझ्या गॅरेजात येत, झारीत पाणी कालवत, मीटर बुडवत आणि झारी शबनम पिशवीत लपवून घरी नेत. सत्तरीचा माणूस, बायकोपासून झारी लपवत. मला हसू यायचं तेव्हा.

चिलटं झाली. काकूंना कोण आनंद! "बघ गं, चिलटं आली म्हणजे माती जिवंत आहे." पीक तयार झालं, काकांनी वाळवलं, तुपात उतरवलं. मऊ भात, चिमूटभर मेतकूट आणि ते तूप, अर्धा चमचा, मोजून. आणि अन्न ठरलं! पहिल्या दिवशी आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो होतो. तासभर झाला, काकू म्हणाल्या, "अशी तोंडं काय पाडून बसलायत? उद्या पिठलं करा." काकांनी वहीत लिहिलं आणि मला दाखवलं. डोळे पुसले ते उघड, लपवून नाही.

मग काकूंचे फोन सुरू झाले. पुण्याला बहिणीला, नाशिकला नणंदेला. "अगं, सेंद्रिय आहे बरं का! यांनी माझ्यासाठी हट्ट सोडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं." काका तेव्हा जिन्यात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी खिशातला मीटर काढून त्याचं टोपण लावल्यासारखं केलं. ते आधीच लावलेलं होतं.

सहा-सात आठवडे बरे गेले. काकूंच्या गालावर रंग आला. कपाटात पुढची तीन झाडं उभी राहिली. एका दुपारी काका औषधं आणायला गेले होते, मी लॅपटॉप घेऊन काकूंजवळ बसले होते. त्या उठून कपाटाशी गेल्या. कुंडीच्या काठावर पांढरी खरवड जमली होती. काकूंनी बोट ओलं केलं, त्यावरून फिरवलं आणि जिभेला लावलं. खताच्या केमिस्टशी चाळीस वर्षं संसार केलेली बायको ती. बाटलीतल्या क्षारांची चव तिला काय नवी होती?

"वही दे गं त्यांची," काकू म्हणाल्या.

वही टेबलाच्या खणात होती. काकूंना खाली वाकवत नसे. मला ठाऊक होतं वहीत काय आहे. काका जगाला फसवतील, पण वहीला नाही, रोजच्या रोज बाटलीचं नाव, किती मिली, आणि दर आठवड्याला एक ओळ, "शा.ला सांगितलं: गांडूळखत." शा. म्हणजे काकू. मी म्हणू शकले असते की सापडत नाही. म्हणू शकले असते की काका आल्यावर बघा. पण मला त्या झारीचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर काकूंच्या त्या फोनांनी माझ्याच अंगावर काटा यायला लागला होता. वाटलं, एकदाचं कळू दे, चार शब्द बोलतील, रडतील, मिटेल. चुका उघड्या पाडायचं काम करणारी मी. मी खण उघडून वही दिली.

काकूंनी पानं उलटली, वही मिटली, टेबलावर ठेवली. संध्याकाळी काकांनी भातावर तूप घातलं तेव्हा ताट सरकवलं. "मला नको ते."

"अगं, का?"

"नको म्हटलं ना."

टेबलावर वही बघून काकांना कळलं. त्यांनी माफी मागितली, समजूत घातली, आकडे सांगितले, शेवटी हात जोडले. अभिजित पहिल्यांदाच त्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "आई, डोन्ट बी स्टबर्न, प्लीज." दुकानातली गोळी पुन्हा आणून पाहिली, तीही त्यांनी थुंकली. आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, मांस झडायला लागलं.

काकांनी तिन्ही झाडं उपटली. कपाट धुऊन काढलं आणि एकच कुंडी ठेवली; खरी माती, खरं खत, पाणी. मीटर माझ्या गॅरेजातल्या बाटल्यांशेजारी आणून ठेवला. रोज काकूंना सांगायचे, "आज पाचवं पान आलं," "आज फांदी फुटली." पानं फिकट, वाढ खुंटलेली, आणि चिलटांनी खोली भरलेली. काकू ऐकून घेत. मी एकदा न राहवून म्हटलं, "काकू, आता तर खरंच मातीतलं आहे. ते तयार होईपर्यंत आधीचं तूप तरी घ्या."

त्यांनी माझा हात धरला. बोटांत काही उरलं नव्हतं. "मला मातीचं काय गं करायचंय? बाटलीतलंच देतोय म्हणून सांगितलं असतं ना, तरी रडत रडत घेतलं असतं मी. गावभर फोन करून सांगितलं मी, यांनी माझं ऐकलं म्हणून. आणि ते ऐकत उभे होते."

काकू गेल्या तेव्हा झाडाला नुकती फुलं धरत होती.

त्यानंतर पाच आठवडे काका त्या झाडाशी बसून होते. भिंग लावून फुलं बघायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं." मी विचारलं नाही, कशासाठी. झाड कापलं, वाळवलं, तूप केलं. जेमतेम वाटीभर निघालं. बरणीवर कागद चिकटवला: "सेंद्रिय. शा.साठी." अभिजितच्या फ्रिजमध्ये ती बरणी किती दिवस होती, कुणी टाकली, मला माहीत नाही.

काका पुण्याला परत गेले. ग्रीनकार्डाचं बघू म्हणाले. ते काही आता बघणार नाहीत. निघताना वही माझ्याकडे दिली. "बाटल्या टाकून दे. ही तू ठेव. अभिजितला नको." माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू फार केलंस आमचं." मी मान खाली घातली. त्यांनी ती वेगळ्या अर्थाने घेतली असणार.

वही मी बरेच दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा बरोबर तेच पान काढलं. निरीक्षणाच्या रकान्यात बारीक अक्षरात होतं: "शा.ने तूप बंद केले. वही वाचली. खणात ठेवल्याचे आठवते, पण बाहेर राहिली असावी." खाली लाल शाईत: "कारण: मी."

मी लाल पेन शोधून आणलं. त्या "मी"च्या पुढे माझं नाव लिहायला जागा होती, पुष्कळ होती. पुण्याचा फोन नंबरही आहे माझ्याकडे. पेन हातात घेऊन बसले, टोपण काढलं, पुन्हा लावलं, आणि वही मिटून गॅरेजात ठेवून आले. ओळ अजून अपुरी आहे.