अंगणातून काढ

त्याने मागून कॅमेऱ्याचा पट्टा धरला, मुठीला एक वेढा दिला आणि ओढलं. पट्टा माझ्या गळ्यात होता. मी पाठीवर पडले. कंबर देवघराच्या उंबऱ्यावर आदळली, डोकं माजघराच्या फरशीवर. कॅमेरा उडाला आणि लेन्सच्या बाजूने दगडावर आपटला.

"पाय कुठं टाकून राह्यली वं? देवघर हाय ते, तुह्या बापाचं घर नाई!"

हे बोलणारा गजूभाऊ. नवरीचा मोठा भाऊ. शिरपूरकडच्या एका गावातलं मोठ्या जमीनवाल्यांचं घर. माझं वय तेव्हा सेहेचाळीस.

रिसोडच्या एका स्टुडिओत मी बारा वर्षं पासपोर्ट फोटो कापले, लग्नाचे अल्बम चिकटवले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा एक जुना डीएसएलआर घेतला. सोबत आलेली लेन्स अठरा-पंचावन्न मिलिमीटरची, सगळ्यांना पहिली मिळते तीच. हळद, ओटीभरण, डोहाळजेवण अशी बायकांची कामं मला मिळायची, कारण तिथे बाप्या फोटोग्राफर नको असतो. या घरानेही आडनाव विचारूनच बोलावलं होतं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना माहीत होतं. गजूभाऊच्या आईने, काकूंनी, आल्याआल्या सांगितलं होतं, "देवक उंबऱ्याच्या अलीकडून काढजो."

मी हो म्हटलं होतं. पण आमच्याकडे लग्न पंचशील घेऊन लागतं, देवक नसतं. फोटोवाला कुठेही उभा राहतो, वधूवराच्या नाकासमोरसुद्धा. देवघरात अंधार होता. सुपात पाच झाडांच्या डहाळ्या, त्यांना गुंडाळलेला सुताचा धागा, त्यावर वाकलेल्या काकू. त्या लेन्सने लांबून काही नीट येत नाही. डोळा कॅमेऱ्याला लावला की आपले पाय दिसत नाहीत. चौकट भरायला मी एक पाऊल पुढे गेले, मग दुसरं. दुसरं उंबऱ्याच्या आत पडलं. एवढंच.

मग माझ्या डोळ्यांदेखत सूप उचललं. डहाळ्या उकिरड्यावर फेकल्या. देवघर दोनदा धुतलं, नव्या डहाळ्या तोडून आणल्या, सगळा विधी पहिल्यापासून मांडला. तासभर मी अंगणात ट्रॅक्टरच्या सावलीत बसले होते. मानेवर पट्ट्याचा वळ फुगला होता. पदर लावला की लाल व्हायचा. दहा-बारा बायका माझ्या समोरून पाण्याच्या कळशा घेऊन गेल्या.

काकू ओसरीवर आल्या.

"बाई, फोटो त पाह्यजेच. आता अंगणातून काढ."

आणि मी काढले. हे लपवून मला काही मिळवायचं नाही. मानेतून रक्त येत होतं आणि मी अंगणातून त्यांच्या देवकाचे फोटो काढले. लेन्सची कडी आपटून अडकली होती, अठरावरून हलत नव्हती. म्हणजे समोरचं सगळं घर चौकटीत येतं आणि माणसं चिमूटभर दिसतात.

आठवड्याने गजूभाऊने ते फोटो गावच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: "यात माणसं हायेत का मुंग्या? या लोकाइले कॅमेरा देऊ नये. झाडू द्यावा." खाली हसणारे चेहरे. त्यातले अर्धे चेहरे मी पासपोर्ट साइजमध्ये कापलेले होते.

मी रडले नाही. अंगात एक गोष्ट मात्र सुरू झाली. भाकरी थापताना मला त्याचा गळा दिसायचा आणि त्याभोवती माझा पट्टा. रोज. दोन महिने.

कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं, लेन्स गेली होती. अकोल्याच्या दुकानदाराने ती कानाशी हलवून पाहिली. "आतून खुळखुळते. दुरुस्तीत पैसे घालू नका." मग त्याने काचेवर दोन लेन्स ठेवल्या. दोन्ही वापरलेल्या. ऐपत एकीचीच होती.

एक पंचावन्न-अडीचशेची. लांबचं जवळ आणते. दुसरी पन्नासची, मुठीत मावेल एवढी. हिच्यात लांब-जवळ करायची सोय नाही, पण काच मोठी उघडते, त्यामुळे अंधारात काम करते.

मी दोन्ही लावून पाहिल्या. मोठीने दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडचा चहावाला पकडला. मिशीचे केस मोजता आले. त्याला पत्तासुद्धा नाही. आत गोदामाच्या बोळीत तीच लेन्स हलली, सगळं पुसट. पन्नासचीने त्याच बोळीत खोक्यांवरची धूळ दाखवली. हिशेबाने पाहिलं तर लग्नाच्या धंद्याला मोठीच बरी. मीही तेच म्हणणार होते.

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "ताई, मोठीच न्या. तुमाले कोनी मंदात येऊ देते, कोनी नाई देत. हिनं अंगणातूनई काम होते. वादच नाई."

त्याला भलंच करायचं होतं माझं. मानेवर राहिलेला वळ त्याने पाहिला होता. पण ते ऐकलं आणि कानशिलं तापली. म्हणजे यासाठी वस्तू तयार होती. मी अंगणातच उभं राहायचं, जन्मभर, आणि वर तिथूनच चांगलं दिसतं म्हणायचं.

"पन्नासची द्या."

"हिच्यात झूम नाई ताई. पायानं जा लागते जवळ."

"पायानंच जाईन."

त्या दिवसापासून काम घेताना फोनवर सांगू लागले: "मी बौद्ध आहे. देवक असो की हळद, मी चार-पाच हातांवर उभी राहणार. चालत असेल तर तारीख सांगा." बरेचजण फोन ठेवतात. काही तारीख सांगतात. पट्टा गळ्यात घालणंही तेव्हाच सोडलं. तो मनगटाला गुंडाळते.

इंझोरीच्या एका शेतकऱ्याने तारीख सांगितली. त्याच्या मुलीचं लग्न. देवघर आमच्या न्हाणीएवढं. मी आत, भिंतीला पाठ लावून उभी. नवरी देवापुढे बसलेली. आणि दारात गजूभाऊ. नवरदेवाकडचा पाहुणा म्हणून आलेला.

"हिले कोनं घेतलं अंदर?"

मुलीचा बाप स्वतःच्या पायांकडे पाहत राहिला. हो म्हणणारा तोच होता. गजूभाऊ आत आला. पट्टा शोधायला त्याचा हात माझ्या गळ्याशी आला. तिथे पट्टा नव्हता. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबून धरलं. हात वर गेला तो फोटोत आला. खाली येताना आला. मग कानाखाली बसला.

डोकं भिंतीवर आपटलं. पण या वेळी मी पडले नाही. डाव्या हाताला लाइटचा लोखंडी स्टँड होता. तो उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. सगळ्यांनी ऐकलं.

तो खाली बसला. "मारलं! या बाईनं मले मारलं!"

"हो, मारलं. पुन्हा हात आला त पुन्हा मारीन."

"फोटो डिलीट कर!"

"ये. जवळ येऊन घे."

तो आला नाही. दोन माणसांनी त्याला काखेत धरून नेलं. नवरी जागची हलली नव्हती. हातावरची हळद ओली होती. ती म्हणाली, "ताई, तुमी काढा." मी कान पुसला आणि उरलेले फोटो काढले. चार हातांवरून. चांगले आले.

तिथून सरळ ठाण्यात गेले. ॲट्रॉसिटीची तक्रार दिली, फोटोसकट. त्यानेही माझ्यावर मनगटाची केस टाकली आहे. आहे तर आहे. मी मारलं हे मी कोर्टातही सांगणार.

मागच्या महिन्यात काकू आमच्या वस्तीत आल्या. पहिल्यांदाच. अंगणात उभ्या राहिल्या.

"पोराची जिंदगी खराब होते बाई. फोटो मिटवून टाक. आमी माफी मांगतो."

"आत या काकू. बसा. पाणी घ्या, मंग बोलू."

त्यांनी दाराकडे पाहिलं. आमचा उंबरा लाकडी आहे, चार बोटं उंच. त्या आल्या नाहीत.

"इथूनच सांगतो ना."

"तिथून नाही ऐकू येत," म्हटलं आणि दार लावलं.

फोटो तीन ठिकाणी ठेवला आहे. चौथी प्रत वकिलाकडे. पन्नासच्या लेन्सने, तेवढ्या जवळून, उगारलेल्या तळहाताच्या रेषा मोजता येतात. मागे चेहरा थोडा पुसट आहे, पण कोणाचा ते लहान पोरही सांगेल. तो मिटणार नाही. तडजोड होणार नाही. प्रत्येक तारखेला मी जाते, कॅमेरा मनगटाला बांधून, आणि गजूभाऊ बसतो त्याच्या शेजारच्या बाकावर बसते.